कार्पेटखालचे पाणी



पाऊस सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयच बदलतो. उन्हाळ्यात एसी आणि टायर, पावसाळ्यात लाइट आणि लॉक. या वेळचे पत्र म्हसळा तालुक्यातल्या एका भगिनीचे आहे. शौहर कतारला, घरात सासू आणि दोन मुले. गाडी त्या स्वतः चालवतात. रात्री अंगणात उभ्या गाडीचे सेंट्रल लॉक आपोआप खट्‌खट्‌ करत उघडते आणि बंद होते. आठवड्यातून एक-दोनदा सकाळी बॅटरी उतरलेली असते. एअरबॅगचा दिवा कधी लागतो, कधी जातो. पहिल्या गॅरेजने बॅटरी बदलली, दुसऱ्याने दाराच्या लॉकची मोटर. दोन्ही बिले भरून झाली, तक्रार मात्र तशीच. धाकट्या मुलीला दमा आहे, त्यामुळे रात्री-अपरात्री गाडी काढावी लागते आणि ऐन वेळी ती सुरू होईल की नाही याचा भरवसा राहिलेला नाही. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिले आहे की गाडीत कुबट वास येतो आणि काचांना आतून वाफ धरते, पण ते पावसामुळेच असेल.

भगिनी, त्या शेवटच्या वाक्यात तुमचे उत्तर दडले आहे. तिसऱ्या गॅरेजला जाण्याआधी एक काम करा. पुढच्या दोन्ही सीटसमोरच्या मॅट काढा आणि खालच्या कार्पेटवर तळहात जोरात दाबा. नुसता फिरवू नका, दाबा. हात ओला झाला, तर बिघाड बॅटरीतही नाही आणि मोटरमध्येही नाही. गाडीत पाणी येते आहे. जोवर ते कुठून येते हे सापडत नाही, तोवर वायरिंगवर केलेला खर्च पाण्यातच जाणार.

यात गॅरेजवाल्यांना दोष देण्याचा हेतू नाही. वायरमनकडे गाडी येते ती पाऊस उघडल्यावर. तेव्हा ती निम्मी सुकलेली असते आणि बिघाड दिसतच नाही. जो भाग त्या वेळी संशयास्पद वाटतो तो बदलून तो मोकळा होतो. पण एक बिघाड पावसाबरोबर येतो आणि उन्हाबरोबर जातो, एवढे गिऱ्हाइकाने सांगितले, तर समजदार मिस्त्री लगेच कार्पेट उचलेल. म्हणून गॅरेजला जाताना केव्हा काय झाले, आदल्या रात्री पाऊस होता का, गाडी चढावर उभी होती की उतारावर, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टरला ताप कधी चढतो ते सांगतो, तसेच हे.

पायाखाली काय असते

पूर्वीच्या गाड्यांत वायरिंग म्हणजे बोनेटखाली आणि डॅशबोर्डमागे. आजच्या साध्या छोट्या गाडीतही पुढून मागे जाणाऱ्या वायरींचा जाड जुडगा दाराच्या उंबऱ्याजवळून, कार्पेटखालून गेलेला असतो. पुढच्या सीटखाली पिवळे कपलर असतात, ते एअरबॅगच्या आणि सीटबेल्टच्या यंत्रणेचे. दोन सीटच्या मधल्या उंचवट्यावर एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स बसवलेला असतो. बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगखाली फ्यूजबॉक्स असतो आणि त्याच्या जवळपास लॉक, दिवे, वायपर, काचा यांचा कारभार पाहणारा बॉडी कंट्रोल मॉड्यूल, ज्याला गॅरेजमध्ये नुसते बीसीएम म्हणतात. शिवाय पत्र्याला बोल्टने घट्ट केलेले अर्थचे पॉइंट दोन्ही बाजूंना, पायाच्या उंचीवर असतात. म्हणजे गाडीची अर्धी नसयंत्रणा जमिनीलगत आहे, आणि पाणी तर नेहमी खालीच जाते.

कार्पेटच्या खाली आवाज दाबण्यासाठी फोम किंवा नमद्यासारखा जाड थर असतो. तो स्पंजसारखा कितीतरी लिटर पाणी पितो आणि वरून कोरडाच लागतो. त्यातच आपल्याकडे नवी गाडी घेतली की वरून प्लॅस्टिकचे लॅमिनेशन ठोकून घेण्याची हौस असते. चिखल पुसायला ते बरे, पण खाली आलेल्या पाण्याची वाफ बाहेर जायला वाटच उरत नाही. लॅमिनेशन असलेली गाडी वर्षभर खालून ओली राहू शकते आणि मालकाला फक्त वास येतो. मागच्या सीटवर ठेवलेली जानमाज कुबट लागू लागली, मुलांच्या दप्तराला बुरशी धरली, की समजावे.

आता लॉक आपोआप का वाजते? लॉकची वायर रात्री किल्ली काढल्यावरही जिवंत असते. कारण रिमोट दाबताच दार उघडायला हवे. तुम्ही आतले बटण दाबता तेव्हा होते एवढेच, की एक वायर अर्थला टेकते आणि बीसीएमला इशारा मिळतो. कपलरमध्ये ओल आली की बटण न दाबताही थोडा करंट अर्थकडे झिरपतो. बीसीएमला वाटते कुणीतरी बटण दाबले. लॉक उघडते, मग बंद होते, आणि प्रत्येक वेळी झोपी गेलेली सगळी यंत्रणा जागी होते.

बॅटरी उतरते ती यामुळे. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. गाडी नीट झोपली असेल, तर ती सुमारे ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी करंट खाते, म्हणजे काही दिवस गाडी उभी राहिली तरी बॅटरीला धोका नसतो. पण यंत्रणा जागीच राहिली आणि एक अँपिअर जाऊ लागला, तर दहा तासांच्या रात्रीत दहा अँपिअर-तास गेले. दुसऱ्या दिवशी गाडी जेमतेम गावात फिरली, पुन्हा रात्री तेच. तिसऱ्या सकाळी किल्ली फिरवली की टकटक आवाज येतो आणि आपण म्हणतो, बॅटरी गेली.

ओल्या कपलरमध्ये आणखी एक गोष्ट घडते, ती जास्त वाईट. पाणी आणि करंट एकत्र आले की पॉझिटिव्ह बाजूची तांब्याची पिन हळूहळू विरघळते आणि तिच्यावर हिरवी पूड चढते. ही हिरवी पूड नुसती सुकवून जात नाही. पाणी वायरच्या आत, प्लॅस्टिकच्या आवरणातून, तारांच्या मधल्या फटींनी पुढे सरकते, वातीत तेल चढावे तसे. त्यामुळे ओल एका ठिकाणी आणि बिघाड हातभर लांब, असे होते. आपल्या किनारपट्टीच्या गावांत हवेतच खार असतो, तिथे हे काम दुप्पट वेगाने चालते. चार महिन्यांपूर्वी भिजलेली गाडी दिवाळीत बंद पडते ती अशी.

एअरबॅगच्या दिव्याकडे मात्र लॉकसारखे हसून पाहू नका. सीटखालच्या पिवळ्या कपलरमध्ये गंज चढला की तिथला अडथळा वाढतो आणि यंत्रणा आपल्यात दोष आहे असे सांगत दिवा लावते. तो दिवा लागलेला असताना टक्कर झाली, तर एअरबॅग उघडेल याची खात्री नाही. दिवा पुन्हा गेला म्हणजे दुखणे गेले असेही नाही, कपलर फक्त तेवढ्यापुरता सुकला.

पाणी येते कुठून

सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे वायपरखालची काळी जाळी. काचेवरचे सगळे पाणी तिथे उतरते आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकाच्या बाजूने खाली जाते. आपल्याकडे गाडी उभी असते ती आंब्याखाली, फणसाखाली, नाहीतर घराच्या वळचणीला. पाने, मोहोर, काटक्या जाळीतून आत जातात, कुजून त्यांचा चिखल होतो आणि भोके बुजतात. मग ते खोबण हौदासारखे भरते, आणि भरलेला हौद एसीच्या ब्लोअरच्या तोंडातून सरळ आत उतरतो, बहुतेक आपल्या गाड्यांत डाव्या सीटच्या पायाशी. रत्नागिरी-रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे मूठभर पाने पुरतात. मे महिन्यात ही जाळी स्वच्छ करून वर तांब्याभर पाणी ओतावे आणि ते चाकामागून पडते का पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे, पण ते केलेले मला क्वचितच दिसते.

दुसरे कारण दाराचे. अनेकांना ठाऊक नसते, पण काचेच्या कडेने दाराच्या पोटात पाणी जाणे हे ठरवूनच ठेवलेले असते. ते खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडते. दाराच्या आतल्या पॅनेलमागे एक प्लॅस्टिकचा किंवा फोमचा पडदा चिकटवलेला असतो, तो पाणी आत येऊ देत नाही. नवे स्पीकर बसवताना हा पडदा टराटरा फाडतात आणि तसाच सोडतात. त्या दिवसापासून पाणी दारातून उंबऱ्यावर आणि तिथून कार्पेटखाली. गाडीत मोठा आवाजवाला म्युझिक सिस्टिम बसवून आणल्यावर दोन महिन्यांत पाणी आले, तर आधी तो पडदा पाहा. आणि काही जण तर गंज लागू नये म्हणून दाराच्या खालची भोकेच सिलिकॉनने बुजवतात! दार बंद करताना आत पाणी डचमळल्याचा आवाज येतो तो याचा.

तिसरे, बाहेरचे जादा हॉर्न, फॉगलॅम्प बसवताना इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातल्या रबराला भोसकून वायर आत घेतात. त्या भोकातून वायरीच्या अंगाने पाणी ओघळत थेट फ्यूजबॉक्सवर येते. वायर आत शिरण्याआधी खाली झोका घेईल अशी सोडली, तर पाणी त्या झोक्याच्या टोकाहून गळून पडते. एवढे ज्ञान घराच्या मीटरवर वायर जोडणाऱ्याला असते, पण गाडीत विसरले जाते.

पुढची काच बदलून आणली असेल, तर तिच्या चिकट थराकडे संशयाने पाहावे. सनरूफ असेल, तर त्याच्या चारी कोपऱ्यांतल्या बारीक नळ्या बुजतात आणि पाणी खांबांच्या आतून उतरते. छतावर अँटेना असेल, तर तिच्या बुडाचे रबर. मागे टेललॅम्पचे गॅस्केट आणि डिकीचे बीडिंग. डिकीतली स्टेपनी उचलून खाली पाहा, तिथे तळे साचले असेल.

पाऊस नसतानाही डावी बाजू ओली होत असेल, तर ते एसीचे पाणी. एसी चालू असताना गाडीखाली पाणी टपकते ते चांगले लक्षण. ते बाहेर टपकणे थांबले आणि आत कार्पेट ओले झाले, म्हणजे एसीची निचऱ्याची नळी तुंबली. ही नळी मोकळी करणे गॅरेजमध्ये अगदी किरकोळ काम आहे. ओले झालेले चिकट असेल, गोडसर वास असेल, हिरवा किंवा गुलाबी रंग असेल, तर ते पाणी नव्हे, हीटरचे कूलंट. तेव्हा मिस्त्रीकडेच जायचे.

आणि काही पाणी आपणच आत आणतो. बंदरावरून मासळी आणली, बर्फ वितळला, टोपलीतून खारे पाणी डिकीत झिरपले. मागच्या दिव्यांचा अर्थ खाऊन टाकायला याच्यासारखे दुसरे काही नाही. मासळीसाठी झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा ठेवा. उमऱ्याहून परतलेल्यांना विमानतळावरून घरी आणताना ५ लिटरच्या जमजमच्या कॅनचे झाकणही एकदा तपासा. ते पाणी अदबीने न्यायचे आहे आणि कार्पेटखालची वायर कुठलेही पाणी ओळखत नाही.

शोधायचे कसे

कार्पेट उचलल्याशिवाय शोध लागत नाही. आधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि दहा मिनिटे थांबा, एअरबॅगच्या यंत्रणेतला साठवलेला करंट जाऊ द्या. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी काढून कार्पेट उचलले, की खालचा पत्रा दिसतो. तो जुन्या कपड्याने पुसून कोरडा करा आणि त्यावर वर्तमानपत्राची पाने पसरा.

मग एकाने आत टॉर्च घेऊन बसायचे आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचे. मुलांना हे काम फार आवडते, सुटीच्या दिवशी करावे. पाण्याला जोर नको, पाइपच्या तोंडाला बोट न लावता नुसते वाहू द्यायचे. सुरुवात खालून करायची. पहिल्यांदा दाराची खालची कड, मग काचेची कड, मग वायपरची जाळी, मग पुढची काच, सर्वांत शेवटी छत. प्रत्येक जागी पाच मिनिटे. वरून सुरुवात केली, तर पाणी सगळीकडून ओघळते आणि नेमके कुठून शिरले ते कळत नाही. आत बसलेल्याने कागद कुठे पहिल्यांदा भिजतो ते पाहायचे आणि तिथून वर माग काढायचा. फ्यूजबॉक्सच्या बाजूला हे करताना बॅटरी काढलेलीच हवी.

जागा सापडली की ती नीट बंद करायची. जुने बीडिंग असेल तर नवे बीडिंग, फाटलेला पडदा असेल तर नवा पडदा. बाथरूमचे सिलिकॉन थापू नका. ज्या सिलिकॉनला सुकताना शिरक्याचा वास येतो, त्यातले आम्ल तांब्याला आणि पत्र्याला खाते. गाडीसाठीचे सीलंट वेगळे मिळते.

कार्पेट वाळवताना आपल्याकडची अडचण अशी की भर पावसात ऊन कुठले? फोमसकट कार्पेट पिळून घरात दोरीवर टाका आणि खाली पंखा लावा. दोन-तीन दिवस लागतात. कार्पेट बाहेर निघत नसेल, तर निदान त्याच्याखाली विटा सरकवून ते उचलून ठेवा आणि टेबलफॅन आत सोडा. फोमला बुरशी धरली असेल, तर तो फेकून नवा घालावा. दम्याचे माणूस घरात असेल, तर यात कंजुसी नको. बुरशीचा वास तुम्हाला नकोसा वाटतो, पण त्या मुलीच्या छातीला तो थेट त्रास देतो. लॅमिनेशन असेल तर ते कापून काढून टाका, असे माझे स्पष्ट मत आहे.

सीट काढावी लागली, तर सीटखालचा पिवळा कपलर सुटलेला असताना किल्ली फिरवू नका. फिरवली की एअरबॅगचा दिवा नोंदला जातो आणि तो स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. आणि पिवळ्या वायरींना टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावणे हे घरच्या माणसाचे काम नाही, रस्त्यावरच्या वायरमनचेही नाही. ते काम अधिकृत वर्कशॉपमध्येच करून घ्या. विजेवर चालणारी गाडी असेल, तर नारिंगी रंगाच्या जाड वायरींना हात लावायचा नाही, मग ती कितीही कोरडी वाटो.

बाकीच्या कपलरचे काम चांगला वायरमन करू शकतो, पण ते कसे व्हायला हवे ते तुम्हाला ठाऊक असावे. कपलर उघडून पाहायचा. नुसती ओल असेल, तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, मऊ ब्रशने घासून, सुकवून पुन्हा जोडायचा. हिरवी पूड असेल, तर पिन बदलायची. वायर आतून काळी किंवा हिरवी निघाली, तर ती चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे कापत जायचे आणि नवा तुकडा सोल्डर करून वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह बसवायची. दोन वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळण्याची पद्धत कार्पेटखाली चालत नाही. पुढच्या पावसात तीच जागा पुन्हा पेटणार, कधी कधी खरोखरच. पेट्रोल किंवा रॉकेलने कपलर धुण्याची सवय काहींना आहे. ती गाडीसकट घर जाळू शकते.

अर्थचे बोल्ट सोडवून, पत्रा आणि टोक पॉलिश पेपरने घासून, घट्ट करून वर ग्रीस लावायचे. पूर्वी मागचा दिवा मंद, इंडिकेटर भराभर, ब्रेक दाबला की पार्किंग लाइट लागते असे जे विचित्र प्रकार होत होते, त्यातले बरेचसे एवढ्यानेच थांबतात. खात्री करायची असेल, तर दिवे चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे त्या दिव्याच्या अर्थला लावावे. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आले, तर अर्थ अजून खराब आहे.

फ्यूज उडत असेल, तर मोठा फ्यूज कधीही टाकू नका. १० चा उडतो म्हणून २० चा टाकला, तर पुढच्या वेळी फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद फ्यूजमध्ये गुंडाळणारा माणूस तुमच्या गाडीला हात लावत असेल, तर गाडी तिथून काढून घ्या.

बीसीएम भिजला असेल, तर लगेच नवा घेण्याची घाई नको. उघडून, त्याची प्लेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून, पूर्ण सुकवून पुष्कळदा तो चालतो. मोबाइलसारखा तांदळात पुरून ठेवण्याचा उपाय इथे उपयोगाचा नाही, तांदूळ गंज काढत नाही. नवा किंवा जुन्या बाजारातला बसवला, तर अनेक गाड्यांत तो कंपनीच्या स्कॅनरवर त्या गाडीशी आणि तिच्या किल्ल्यांशी जुळवावा लागतो. हे आधी विचारून घ्या, नाहीतर डबा आला आणि गाडी सुरूच होईना, अशी गत होते.

विकायची वेळ आली तर

इथे एक नाजूक गोष्ट लिहिणे भाग आहे. पाणी आलेली गाडी नीट करण्यापेक्षा स्वच्छ धुऊन, अत्तराची बाटली लटकवून, उन्हाळ्यात विकून टाकण्याचा सल्ला देणारे बरेच भेटतात. आपल्यातलेही. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना एका धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला आणि बोटांना आत ओल लागली, हा प्रसंग सही मुस्लिममध्ये आहे आणि तुम्ही सर्वांनी तो ऐकला असेल. व्यापारी म्हणाला की पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले की मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे सुनावले. वर कोरडे आणि खाली ओले. कार्पेट उचलताना मला दर वेळी ही हदीस आठवते. पावसाने धान्य भिजणे हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता, झाकून ठेवणे हा होता. गाडीत पाणी आले होते, अमुक ठिकाणाहून येत होते, इतके कपलर बदलले, ही बिले, असे सांगून विकलेल्या गाडीची किंमत थोडी कमी येईल. पण ऐब लपवून विकलेली वस्तू परत करण्याचा हक्क शरिअतने गिऱ्हाइकाला दिलेला आहे, त्याला खियार-उल-ऐब म्हणतात. आणि समोरचा माणूस तुमची गाडी घेऊन त्याच्या बायकामुलांना घाटातून नेणार आहे, एअरबॅगचा दिवा ज्याने बल्ब काढून विझवला आहे अशा गाडीतून. हो, असेही करतात. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझलाच पाहिजे. लागलाच नाही, तर गाडी घेऊ नका.

घेणाऱ्याने आणखी काय पाहावे? मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले. पुरात बुडालेली गाडी दूरच्या गावात नेऊन विकली, तर तिथल्या गिऱ्हाइकाला पुराची कल्पनाच नसते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ असेल, तर ती धुतली जात नाही. सीटच्या रुळांचे आणि डॅशबोर्डखालचे स्क्रू गंजलेत का, हेडलॅम्पच्या आत वाफेचे डाग आहेत का, स्टेपनीखाली चिखल आहे का, हे पाहा. आणि अर्थात कार्पेट दाबा. मालक कार्पेट दाबू देत नसेल, तर सलाम करून निघा.

विम्याबद्दल दोन शब्द. पुराने झालेले नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत बसते, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. झिजलेल्या बीडिंगमधून रोज झिरपलेले पाणी हे मात्र झीज समजले जाते, त्याचा दावा सहसा टिकत नाही. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीची किल्ली फिरवू नये. बॅटरी काढावी, विमा कंपनीला कळवावे, फोटो काढावेत, गाडी ओढून न्यावी. बुडालेले इंजिन फिरवल्याने जे मोडते, ते इंजिनसाठी वेगळा जोड घेतला नसेल तर बहुधा नाकारले जाते.

राहिले आखातात जाणारे भाऊ. दहा-अकरा महिने गाडी गावात उभी आणि जाताना शेजाऱ्याला एवढेच सांगितलेले असते की आठवड्याला एकदा सुरू कर. पाच मिनिटे जागच्या जागी इंजिन चालवून बॅटरी पुरेशी भरत नाही आणि आतली ओलही जात नाही. त्यापेक्षा झाडाखालून गाडी काढून पत्र्याखाली ठेवा, वायपरखालची जाळी साफ करा, बॅटरीचे निगेटिव्ह सोडून ठेवा. मेणकापड गाडीवर घट्ट गुंडाळू नका, आत वाफ कोंडते. हवा खेळणारे कव्हर घ्या. उंदीर वायरींच्या रबरी बुचांना भोके पाडतात, म्हणून गाडीत धान्याचे पोते, खजुरांचा डबा काही ठेवू नका. पावसाळ्यात शेजाऱ्याला इंजिन सुरू करण्याऐवजी महिन्यातून एकदा उघडिपीच्या दिवशी चारी दारे तासभर सताड उघडी ठेवायला सांगा, आणि कार्पेट दाबून तुम्हाला फोनवर कळवायला.